दमनकाचा खटला

गेल्या आठवड्यात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी मी भाचीला पंचतंत्रातील 'मित्रभेद' हे पहिले तंत्र वाचून दाखवत होतो. पिंगलक सिंहाने संजीवक बैलाला मारले, आणि ज्याने दोघांत वितुष्ट आणले तो दमनक कोल्हा मात्र मंत्रिपदावर कायम राहिला, इथे तंत्र संपले. तेव्हा तिने विचारले, "मामा, दमनकाला शिक्षा कधी झाली?"

या प्रश्नाचे उत्तर संस्कृतात नाही. ते अरबीत आहे. सहाव्या शतकात इराणचा सम्राट खुस्रो अनुशिरवान याच्या दरबारातील बुर्झोय नावाच्या वैद्याने या कथा पहलवी या जुन्या इराणी भाषेत नेल्या. ती पोथी पुढे हरवली, परंतु तिच्यावरून इब्न अल-मुकफ्फा या लेखकाने इ. स. 750च्या सुमारास अरबी ग्रंथ सिद्ध केला आणि दमनक व त्याचा सोबती कोल्हा करटक यांचे दिम्ना आणि कलीला झाले. त्या ग्रंथात दिम्नावरील खटल्याचे एक संपूर्ण प्रकरण आहे, जे इब्न अल-मुकफ्फाने स्वतःच घातले असे अभ्यासक मानतात. दोन्ही कोल्ह्यांचे बोलणे बिबट्या ऐकतो, सिंहाची आई न्यायाचा आग्रह धरते, दिम्ना युक्तिवादामागून युक्तिवाद करतो आणि अखेर त्याला मृत्युदंड होतो. मला हे प्रकरण फार मोलाचे वाटते, कारण नुसते भाषांतर करून न थांबता तो लेखक मूळ कथेशी वाद घालतो.

अरबीतून ग्रीक, हिब्रू, लॅटिन असा प्रवास करीत या कथा युरोपात पोचल्या, आणि फ्रेंच कवी ला फोंतेनने 1678च्या संग्रहात भारतीय ऋषी 'पिल्पे' याचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. वाटेत भांड्यातला ऐवजही बदलत गेला. आपल्याकडे कृपण ब्राह्मण सातूच्या पिठाच्या मडक्याकडे पाहत मनोराज्य करतो. अरबीत त्या मडक्यात तूप आणि मध आहे, तर फ्रेंचमध्ये गवळणीच्या डोक्यावर दुधाचे भांडे आहे. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली रोमन समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती टाऊन हॉल संग्रहालयात पाहताना मला नेहमी वाटते, की त्या जगाकडून आपल्याकडे वस्तू आल्या, तशा आपल्याकडून गोष्टी गेल्या.

भाचीला मी तो खटला मराठीत सांगितला. काल तिने तो धाकट्या भावाला ऐकवला, तेव्हा साक्ष द्यायला संजीवकाची आईसुद्धा आली होती.