उत्तर आलं नाही, पण चिठ्ठी निघाली

सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेचे दिवस होते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं स्टॉकचं सॉफ्टवेअर मी सांभाळत होतो. ऑफिस इथं, गोडाऊन चिंचोली एमआयडीसीत. दोन्हीकडं एकेक सर्व्हर, मधे जावा आरएमआय, म्हणजे एका मशीनवरच्या प्रोग्रॅमनं दुसऱ्या मशीनवरच्या प्रोग्रॅमकडून काम करून घ्यायची सोय.

सकाळीच गोडाऊनच्या मामांचा फोन. "सर, एकाच पार्टीच्या चाळीस-चाळीस गाठींच्या दोन चिठ्ठ्या निघाल्यात. एक गाडी गेली, दुसरी भरायलेत."

"थांबवा मामा, दुसरी भरू नका!"

ऑफिसच्या हिशोबात चाळीस गाठी वजा, गोडाऊनच्या हिशोबात ऐंशी. दोन्हीकडचे लॉग, म्हणजे सर्व्हरनं ठेवलेल्या नोंदी, शेजारी ठेवले तेव्हा उलगडा झाला. विनंती गोडाऊनला पोचली, स्टॉक वजा झाला, चिठ्ठीही छापली गेली. उत्तर परत येताना लाइन तुटली. इकडं एक्सेप्शन, म्हणजे काहीतरी बिघडल्याचा इशारा, आलं आणि माझ्या कोडनं तीच विनंती पुन्हा पाठवली.

दूरच्या ऑब्जेक्टची मेथड, म्हणजे पलीकडच्या मशीनवरच्या प्रोग्रॅमच्या तुकड्याला सांगायचं काम, लिहायला जवळच्यासारखीच दिसते, आणि घोळ तिथंच होतो. आपल्याच मशीनवरचा कॉल असेल, तर काम झालं की नाही ते कळतं. नेटवर्कपलीकडचं ऑब्जेक्ट गप्प बसलं, तर काम झालंच नाही की होऊन उत्तर हरवलं, हे इकडून सांगता येत नाही. कनेक्ट एक्सेप्शन म्हणजे जोडणीच नाकारली गेली; तिथं पुन्हा पाठवायला हरकत नाही. अनमार्शल एक्सेप्शन मात्र उत्तर वाचतानाही येतं, म्हणजे तोवर काम झालेलं असू शकतं. दोन्ही रिमोट एक्सेप्शनचीच पिल्लं, म्हणून मी दोन्ही एकाच कॅचमध्ये धरली होती, म्हणजे कुठलंही आलं तरी विनंती पुन्हा पाठवायची. सन मायक्रोसिस्टिम्समधल्या जिम वाल्डो आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्येच बजावलं होतं की दूरच्या ऑब्जेक्टला जवळचं समजू नका. फरक फक्त वेगाचा नाही, अर्धवट बिघाडाचा आहे, म्हणजे एक बाजू चालू आणि दुसरी किंवा मधली लाइन बंद. ते मी वाचलंही होतं. पटलं त्या दिवशी.

दुपारी जेवायला उठलो नाही. प्रत्येक विनंतीला एक क्रमांक दिला. पुन्हा पाठवली तरी क्रमांक तोच. गोडाऊनच्या डेटाबेसमध्ये तो क्रमांक आणि स्टॉकची वजाबाकी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये नोंदवली, म्हणजे झालं तर दोन्ही, नाहीतर काहीच नाही. क्रमांक आधीच असेल तर काही वजा करायचं नाही, छापायचं नाही, जुनंच उत्तर परत द्यायचं.

संध्याकाळी चाचणीसाठी उत्तराआधी दहा सेकंदांचा थांबा घातला, मामांना प्रिंटरपाशी उभं केलं आणि इकडं नेटवर्कची केबल उपटली. एक्सेप्शन आलं. केबल जोडली, विनंती पुन्हा गेली. फोन कानाला तसाच होता.

"एकच आली, सर."

"अजून थोडं थांबा, मामा."

"थांबलोय की. एकच आहे."