बडोद्याच्या दत्तकविधानाचा कळसूत्री खेळ : सहाव्या आठवड्याची नोंद

गोपाळच्या डोक्यावर पगडी उतरवण्याचे काम तीन आठवडे अडून बसले होते, ते परवा रात्री एकदाचे साधले.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचलेल्या नाहीत त्यांच्यासाठी विषय थोडक्यात सांगतो. एप्रिल १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना गादीवरून दूर केले आणि त्यांचे बंधू खंडेराव यांच्या विधवा पत्नी महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची मोकळीक मिळाली. मालेगावजवळच्या कवळाणे गावचे काशीराव गायकवाड आपल्या आनंदराव, गोपाळराव आणि संपतराव या तीन मुलांना घेऊन बडोद्यास आले. 'तुम्ही कशासाठी आलात?' असे मुलांना विचारले असता गोपाळरावाने 'मी राज्य करायला आलो आहे' असे उत्तर दिले, असे सांगतात. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले आणि बारा वर्षांचा गोपाळराव सयाजीराव झाला. 'असे सांगतात' हे शब्द मी सूत्रधाराच्या तोंडी मुद्दाम ठेवले आहेत, कारण तारीख आणि आख्यायिका यांतला फरक मुलांनाही कळायला हवा.

सगळा खेळ त्या एका उत्तरावर उभा असल्यामुळे उत्तर देण्यापूर्वी गोपाळने मान वर उचलली पाहिजे, हे मी पहिल्या दिवसापासून धरून चाललो होतो. चौदा इंची बाहुलीचे डोके कागदाच्या लगद्याचे, आतून पोकळ आहे. कानांजवळचे दोन दोरे मी मध्यापासून किंचित मागे बांधले आणि हनुवटीच्या आत मासेमारीच्या गळाला लावतात तसा शिशाचा लहानसा तुकडा चिकटवला, त्यामुळे डोके आपोआप खाली झुकलेले राहते. कपाळावरचा तिसरा दोरा दोन बोटे वर घेतला की हनुवटी सावकाश उचलली जाते. मानेला लाकडी सांध्याऐवजी मऊ कापडाची नळी ठेवल्याने ही हालचाल झटका न बसता होते.

पगडी मात्र याच तीन दोऱ्यांवरून खाली यायची होती. गावाहून आलेला मुलगा प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर महाराज झालेला दिसावा, पडद्यामागे बाहुली बदलू नये, हा माझा हट्ट होता. कागदाच्या कवचावर जुन्या मलमलीच्या पट्ट्या पिळून गुंडाळल्या, कडेला तीन भोके पाडून त्यांतून दोरे ओवले आणि पगडी झालरीच्या वर चौथ्या दोऱ्याने टांगून ठेवली. पहिल्या प्रयत्नात ती डाव्या कानावरच तिरपी अडकली. नायलॉनचा दोरा घेतला तेव्हा ती सुरळीत घसरली, परंतु दिव्याच्या उजेडात दोरा इतका चमकू लागला की नजर बाहुलीवर ठरेना. शेवटी गादी शिवायचा काळा सुती दोरा मेण चोळून वापरला, भोकांना आतून बांगडीच्या तारेची कडी बसवली आणि पगडीच्या उजव्या, हलक्या बाजूला आणखी दोन वेढे दिले. आता ती सरळ उतरते.

जमनाबाईंच्या बाहुलीत माझ्याकडून एक चूक झाली होती. चेहरा रंगवताना हाताला सवय असल्याप्रमाणे मी कपाळावर कुंकू रेखले. खंडेराव १८७० मध्येच वारले होते, याची आठवण माझ्या आत्याने करून दिली. तिने स्वर चढवला नाही, पण मला फार वाईट वाटले. ज्या स्त्रीच्या वैधव्यामुळे हा प्रसंग घडला, तिच्याच कपाळाकडे मी नीट पाहिले नव्हते. कपाळ खरवडून पुन्हा रंगवले आहे.

पार्श्वपटासाठी एका मित्राने लक्ष्मीविलास राजवाडा सुचवला होता. तो १८९० मध्ये पूर्ण झाला, म्हणून या प्रसंगात तो घेता येत नाही. बाहेरच्या प्रवेशाला मांडवीच्या कमानी आणि आतल्या प्रवेशाला गादी, लोड व दोन समया एवढेच ठेवले आहे.

सूत्रधार मराठी आणि गुजराती दोन्ही बोलेल, कारण आमच्या दांडिया बाजारातली मुले दोन्ही भाषांत वाढतात. गोपाळचे वाक्य मात्र मराठीतच राहील. तालमीत प्रश्नानंतर मी मनात चार आकडे मोजतो, तिसऱ्याला हनुवटी उचलू लागतो आणि चौथ्याला वाक्य येते. पुढच्या आठवड्यात संपतरावाच्या डाव्या हाताचा दोरा अर्ध्या इंचाने लांबवायचा आहे, कारण भाऊ पुढे सरकतो त्या क्षणी तो हात नको तितका वर जातो आणि पाहणाऱ्याचे लक्ष तिकडे वळते.