८१ व्या वर्षी डबल क्लिक

आज आमच्या विरंगुळा केंद्रात कॉम्प्युटरचा तास होता, आठ जण आले, त्यातले सगळ्यात मोठे आजोबा ८१ चे. त्यांचा हात थरथरतो, त्यामुळे डबल क्लिक करताना मधेच माऊस सरकायचा आणि फाईल काही उघडेना. "राहू दे गं, हे आता आपल्याच्याने होणार नाही" म्हणून उठायलाच लागले. मग म्हटलं आजोबा, एकदाच क्लिक करा, माऊस सोडा आणि एंटर दाबा. उघडली! नातवाच्या मुंजीचे फोटो होते, पुढची वीस मिनिटं सगळा वर्ग तेच बघत बसला.

नंतर एका काकूंनी हळूच सांगितलं, मागच्या महिन्यात त्यांना व्हिडिओ कॉलवर "पोलीस" आला, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, म्हणजे कॉलवरच अटक, म्हणाला, दोन तास त्या खोलीतून हलल्या नाहीत की पाणी प्यायल्या नाहीत. पैसे वाचले, पण मुलगा रागावेल म्हणून घरी अजून कुणाला बोलल्या नाहीयेत. ऐकून फार वाईट वाटलं. अहो, डिजिटल अरेस्ट असं काही कायद्यात नाहीच, सरळ फोन कट करायचा, आणि पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवायचं. यूपीआयचा पिन पैसे घ्यायला कधीच लागत नाही, हे सगळ्यांनी वहीत मोठ्या अक्षरात लिहून घेतलं.

घरच्यांनो, कृपया ओरडू नका हो त्यांना, लपवतात ते त्याच भीतीने.

निघताना आजोबा विचारत होते, पुढच्या वेळी फोटो ईमेल करायला शिकवशील ना?