काढली

दसरा होऊन आठ दिवस झाले तरी ते एक वाक्य डोक्यातून जात नाही. वाक्य माझंच.

दूध घेऊन येताना लिफ्टपाशी शेजारच्या वहिनी भेटल्या. "गाडी दिसत नाही खाली. काढलीत का?" मी हो म्हटलं. तर त्यांनी आवाज खाली आणला, माझ्या दंडावर हात ठेवला. "सगळं ठीक आहे ना?" आणि मी, बावन्न वर्षांची शहाणीसुरती बाई, ताडकन म्हणाले, "हो हो, नवीन घेतोय ना. दिवाळीत."

कुठली नवीन? नवऱ्याने, अभयने, ऐकलं असतं तर तिथेच दुधाची पिशवी सोडली असती.

खरं सांगायला काय हरकत होती? वॅगन-आरला पंधरा वर्षं झाली. पुढच्या पाच वर्षांचं पासिंग म्हणजे आरटीओची पाच हजार फी, वर पर्यावरण कर, शिवाय ती नवी नंबरप्लेट, आणि त्याआधी पत्र्याचं नि टायरचं काम. एवढं करून चालवणार किती? गेलं वर्षभर ती हलली ती बॅटरी उतरू नये म्हणून. रविवारी अभय खाली जायचा, दहा मिनिटं चालू करून ठेवायचा आणि कुत्र्याला फिरवून आणल्यासारखा वर यायचा. मंडईत तर २९ सप्टेंबर २०२४ ला भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत गेली तेव्हापासून मी गाडी नेलेलीच नाही. आयडियल कॉलनीपर्यंत चालत, जिल्हा न्यायालयाला बदल, की मंडई. पूर्वी तेवढा वेळ वाहनतळाच्या रांगेतच जायचा.

हे सगळं मला तोंडपाठ आहे. भाऊजींसमोर तर मी भाषण ठोकलं. ते म्हणत होते, २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, लोक शोरूमला रांगा लावतायत आणि तुम्ही असलेली विकताय! त्यांना मी गप्प केलं. मग लिफ्टपाशी काय झालं?

तो दंडावरचा हात. दवाखान्यात भेटायला गेल्यावर ठेवतात तसा.

बरं, तो हात माझ्या ओळखीचा आहे. देसाईंनी गाडी काढली तेव्हा मीच मिसेस देसाईंच्या खांद्यावर ठेवला होता. घरी येऊन अभयला म्हटलंही होतं, काहीतरी बिनसलंय त्यांचं. त्यांना मधुमेह होता आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, एवढंच.

नानांच्या चेतकची आठवण येते सारखी. आकुर्डीला, इथे हाताच्या अंतरावर, स्कूटरी तयार होत होत्या आणि पुण्यातली माणसं नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघत होती. आमचा नंबर लागला त्या दिवशी नानांची सायकल जिन्याखाली गेली. नाना पुन्हा कधी सायकलवर दिसले नाहीत, भाजी आणायलासुद्धा नाहीत. सायकलींचं शहर म्हणून पुण्याचं कौतुक ऐकलं की मला ती जिन्याखालची सायकल दिसते, सीटवर पायपुसणी वाळत घातलेली. चेतकवरून आम्ही मारुतीवर आलो. तिथून खाली यायची रीत आमच्या घरात कुणी घालून दिलेली नाही, म्हणून बहुधा... असो.

चिनूला यातलं काही कळत नाही. सव्वीस वर्षांचा झाला, लायसन्स काढलेलं नाही. "पार्किंग शोधत फिरायला मला वेळ नाहीये, आई." वर उठसूट ॲपवरून गाडी बोलावतो. ती कुणाच्या तरी पार्किंगमधून येत असेलच ना?

आणि मी काही फार सुखात नाहीये. मंगळवारी पाऊस आला, हातात दोन पिशव्या, स्टेशनखाली तीन रिक्षावाल्यांनी मान हलवली. "जवळचं नाही जमत." फुटपाथवरून चालत निघाले तर मागून स्कूटर हॉर्न मारतेय, फुटपाथवर! तेव्हा मात्र रडूच आलं. वायपरचा तो एका बाजूला करकरणारा आवाज आठवला. दसऱ्याला सवयीने झेंडूचा एक हार जास्त आणला होता. शेवटी अभयच्या स्कूटरला घातला, दोन वेढे बसले. डॅशबोर्डवरचा गणपती आता फ्रिजवर आहे. त्याच्या बुडाचा डिंक अजून चिकट लागतो.

तर आज संध्याकाळी वहिनी डबा घेऊन आल्या. अळूवडी. बसल्या, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, "तुमची जागा रिकामीच आहे तोवर आमची दुसरी लावू का? बाहेर रस्त्यावर असते ना, ओरखडे पाडतात मेले."

हात् तिच्या! म्हणजे तो दंडावरचा हात पार्किंगसाठी होता. मी आठ दिवस रोजनिशीची पानं भरतेय, नानांना मधे ओढतेय, आणि त्यांना हवी होती जागा. पार्किंग नसेल तर गाडीची नोंदणी नाही असं परिवहनमंत्री यंदा म्हणाले, तेव्हा सोसायटीच्या बैठकीत सगळ्यात जास्त वहिनीच हसल्या होत्या.

मी "लावा की" म्हणणार, तोच त्या स्वतःच म्हणाल्या, "नको पण, दिवाळीला तुमची यायची. मग पुन्हा काढाघाला."

आता काय बोलणार. परत "काढली" आलंच. आपल्याकडे गाडी विकली तरी काढली, नवी घेतली तरी काढली, गॅरेजमधून बाहेर आणली तरी काढली. तेव्हा नुसतं "काढली" म्हणून थांबले असते तर खोटं बोलावंच लागलं नसतं.

रात्री कचरा ठेवायला खाली गेले. आमच्या जागेत, बरोब्बर तेलाच्या डागावर, सिमेंटची भली मोठी कुंडी. वॉचमन तानाजी खुर्चीतून उठला. "वहिनींनी ठेवायला सांगितली, ताई. तुमची नवी यायच्या आत कुणी घुसवायला नको."

कुंडीत नुसती माती होती. वर येऊन बाल्कनीतल्या ओव्याची एक फांदी तोडली आणि खाली जाऊन खोचून आले.