रिकामा लगाम

घोडी दाखवायला आणली तेव्हा सकाळचे सहा वाजले होते. मे महिन्यात सोलापुरात घोड्यावर बसायचं ते आठच्या आत. घोडीवाले मामा अक्कलकोट रोडकडचे. लग्नसराई उरकत आली होती, त्यांना वरातीची घोडी विकायची होती आणि आम्हाला घोडेस्वारी शिकणाऱ्या मुलांसाठी एक शांत जनावर हवं होतं.

"एका बोटावर थांबते बघा, मॅडम. ओढायचं कामच न्हाई."

तोंड न बघताच मी रिकिबीत पाय घातला. नवीन जनावराचं तोंड आधी बघा, हे मी मुलांना रोज सांगते. त्या दिवशी मीच चुकले.

घोडी देखणी चालली. मान कमानीसारखी, हनुवटी छातीला लागलेली, बोट हललं की जागच्या जागी उभी. कुंपणाशी उभे असलेले पालक खूश होते. माझ्या हातात मात्र काहीच येत नव्हतं.

हे 'काहीच' म्हणजे काय, ते सांगायला हवं. घोड्याचे पुढचे दात संपले की दाढा सुरू होईपर्यंत नुसती हिरडी असते, तिच्याखाली लगेच हाड. कडियाळ, म्हणजे लगामाचा तोंडातला लोखंडी भाग, बसतं ते तिथे, जिभेवर. मध्ये सांधा असलेलं साधं गुळगुळीत कडियाळ, म्हणजे स्नॅफल, घातलं की लगामाची वादी हातात जिवंत लागते. घोडा चघळतो, जीभ हलवतो, ते सगळं करंगळीजवळच्या बोटाला कळतं. नव्या पेठेच्या गर्दीत लहान मुलाचा हात धरून चालावं, तसं.

कर्ब या दुसऱ्या प्रकारच्या कडियाळाची गोष्ट वेगळी. त्याला दोन्ही बाजूंना खाली दांड्या असतात आणि हनुवटीमागच्या खोबणीत साखळी. हातपंपाच्या दांड्यासारखं हे काम. हात थोडासा हलतो, पण तोंडात जोर कितीतरी जास्त पोचतो. जिभेवर आणि हिरडीवर दाब येतो, साखळी आवळते, कानामागे पट्टा ओढला जातो. डबल लगामात ही दोन्ही कडियाळं एकाच तोंडात असतात, स्नॅफल बारीक आणि थोडं वर, कर्ब त्याच्याखाली, आणि हातात चार वाद्या. लष्करातून निवृत्त झालेल्या माझ्या उस्तादांनी मला आधी दोन वर्षं नुसत्या स्नॅफलवर ठेवलं. मग डबल दिला तेव्हा पहिला आठवडाभर कर्बची वादी सैलच ठेवायला लावली. "बोलायचं वरच्या वादीनं, खालची नुसती कुजबुजली पाहिजे," म्हणायचे. आमच्या जुन्या घोड्यावर ती कुजबूज मी अनुभवली आहे. बोटं नुसती मिटली की तो मानेतून मऊ होतो, पण वादीतलं वजन सोडत नाही. तो हातापर्यंत येऊन थांबतो.

ही घोडी हातापर्यंत येतच नव्हती. मी हात पुढे दिला तर ती आणखी मागे सरली. वादी सैल, मान वाकलेली, कान मात्र सारखे मागे. तिला कुठेतरी जायचं नव्हतं, तिला फक्त त्या लोखंडाला लागायचं नव्हतं. मी उतरले.

ओठ वर केला. कडियाळावर दोन्ही बाजूंना काटेरी चकत्या होत्या. ओठांचे कोपरे चिरून भरलेले, पुन्हा चिरलेले. डाव्या हिरडीवर सुपारीएवढी सूज, आणि जिभेच्या कडेला पांढरा जुना वण. असं काटेरी कडियाळ वापरायला प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या १९६५ च्या नियमांनी बंदी आहे. ते मी मामांना सांगितलं, पण त्याने त्यांना काही पटलं असेल असं वाटत नाही. मग ते कडियाळ धुतलं, त्यांच्या मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवलं आणि वादी दोन बोटांनी ओढली. त्यांनी हात झटकन काढून घेतला. बराच वेळ मनगट चोळत घोडीकडे बघत राहिले.

"आमच्या वडलांपास्नं हेच घालतोय," ते हळूच म्हणाले. ते दुष्ट नव्हते. बँडबाजा, फटाके, वर बसलेला नवरदेव, अशा गर्दीत घोडी उधळली तर माणसं मरतील या भीतीने ते काटे आले होते.

घोडी आम्ही ठेवून घेतली. डॉक्टरांनी तोंड तपासलं, औषध दिलं आणि जखम भरेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही म्हणून सांगितलं. दीड महिना नुसत्या मोहोरकीवर फिरवली. पहिल्यांदा मान खाली सोडून लांब चालायला तिला दहा दिवस लागले.

जुलैत जाड, गुळगुळीत स्नॅफल घातलं. पहिले दोन दिवस पुन्हा तीच पोकळी, तीच हनुवटी छातीशी. मी हात नुसते धरून ठेवले, काहीच मागितलं नाही. तिसऱ्या दिवशी डाव्या वळणावर तिने नाक पुढे केलं, एकदा चघळलं, आणि वादीत वजन आलं. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीएवढं. मी श्वास रोखून तसाच हात धरून ठेवला, पूर्ण फेरीभर.