यावेळी दोर तुटला नाही

ते "फर्स्ट टाइम?" वालं मीम तुमच्याकडेही येत असणारच. गळ्यात फास अडकवलेला एक काऊबॉय, शेजारी तसाच उभा असलेल्या माणसाकडे वळून विचारतोय, काय, पहिलीच वेळ का? आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर अप्रेझलच्या आठवड्यात ते हमखास पडतं, आणि परवा माझ्या भाच्याने केटी लागल्यावर मित्राला टाकलं. मी त्याला विचारलं, अरे हा माणूस कोण आणि पुढे त्याचं काय होतं माहितेय का? तर म्हणे नाही मावशी, मीम आहे ते फक्त. तेव्हापासून डोक्यात घोळतंय, म्हणून आज लिहायला बसले.

तो पिक्चर म्हणजे कोएन बंधूंचा 'द बॅलड ऑफ बस्टर स्क्रग्ज', २०१८ चा, नेटफ्लिक्सवर आला होता. सहा वेगवेगळ्या गोष्टी आहेत त्यात आणि हा मीममधला काऊबॉय, म्हणजे जेम्स फ्रँको, दुसऱ्या गोष्टीत आहे. तो एका ओसाड जागी बँक लुटायला जातो, पकडला जातो, झाडाखाली घोड्यावर बसवून गळ्यात फास टाकतात, आणि तेवढ्यात कोमांची लोक हल्ला करतात आणि पकडणारे सगळे मरतात. हा तसाच घोड्यावर, हात बांधलेले, फास गळ्यात. आता ते घोडं बिचारं गवत खायला लागतं. एक पाऊल पुढे, परत तोंड खाली, परत एक पाऊल, आणि दर पावलाला दोर थोडा थोडा ताणत जातो. आपण श्वास रोखून त्या घोड्याकडे बघत राहतो. मग गुरं हाकत एक जण येतो, गोळ्या मारून दोर तोडतो, सुटला! पण तो सोडवणारा स्वतःच गुरंचोर निघतो, तो पळून जातो आणि हा सापडतो, आणि जी चोरी त्याने केलीच नाही त्या चोरीसाठी त्याला परत फासावर चढवतात. मीममधला क्षण हा आहे. शेजारचा माणूस रडतोय आणि हा त्याला विचारतोय पहिलीच वेळ का. मग त्याला गर्दीत एक मुलगी दिसते, सुंदर, तो तिच्याकडे बघत राहतो, आणि संपलं. दुसऱ्यांदा दोर तोडायला कोणी येत नाही.

हे मला इतकं लागलं त्याचं कारण माझे बाबा. बाबा वेस्टर्नचे, म्हणजे काऊबॉयवाल्या पिक्चरचे, जबरदस्त शौकीन, 'मॅकेनाज गोल्ड' त्यांनी थेटरात तीन वेळा पाहिलाय आणि अजूनही त्यातला शेवटचा भूकंप हातवारे करून सांगतात. मी लहान असताना आमच्याकडे केबल आली तेव्हा रात्री जेवणं झाली की आम्ही दोघं बसायचो, आई म्हणायची काय ती घोडी आणि धूळ, पण आम्ही बघायचो. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' तर पाठ होता आम्हाला. त्यात ट्युको घोड्यावर बसलाय, गळ्यात फास, एक जण त्याच्या गुन्ह्यांची ही भलीमोठी यादी वाचतोय, आणि लांबून त्याचाच जोडीदार ब्लाँडी नेम धरून दोर तोडतो, मग दोघं इनामाचे पैसे वाटून घेतात. बाबा नेम धरायच्या आधीच खुर्चीच्या हातावरून एक बोट वर करायचे आणि म्हणायचे, "बघ आता... तुटला!" आणि खरंच तुटायचा. मला वाटायचं बाबाच तोडतात.

म्हणजे वेस्टर्न बघून बघून माझ्या डोक्यात एकच बसलं होतं, फास दिसला की हिरो कुठवर पोचलाय ते बघायचं. तो येणारच. आणि फाशी व्हिलनला असेल तर मग प्रश्नच नाही, ती म्हणजे गोष्ट संपल्याची खूण, त्याने केलं त्याने भरलं, चला झोपायला. दोन्हीकडे ज्याच्या गळ्यात फास आहे त्या माणसाकडे बघायची वेळच येत नाही. मला जे पिक्चर मोठे वाटतात ते नेमकं हेच करतात, त्या माणसाकडे बघायला लावतात आणि वाचवायला कोणालाही पाठवत नाहीत.

यातला सगळ्यात मोठा म्हणजे 'द ऑक्स-बो इन्सिडन्ट'. १९४३ चा, ब्लॅक अँड व्हाइट, फक्त ७५ मिनिटांचा, डायरेक्टर विल्यम वेलमन. मागच्या दिवाळीत घरी गेले तेव्हा लॅपटॉप टीव्हीला जोडून बाबांना दाखवला. १८८५ सालचं नेवाडा. सुरुवात अगदी नेहमीची आहे, दोन घोडेस्वार धुळीच्या रस्त्यावरून गावात येतात, एक कुत्रं रस्ता ओलांडतं, दोघं बारमध्ये जातात. बाबा खूश, मांडी घालून बसले. मग बातमी येते की किंकेड नावाच्या गुराख्याला कोणीतरी मारलं आणि गुरं पळवली. शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, गावात नाही. त्याचा डेप्युटी सगळ्यांना पोलिसांचे मदतनीस म्हणून शपथ देऊन मोकळा होतो, त्याला तो अधिकार नाही असं जज स्वतः सांगत असताना. आणि निघतात सगळे. एक मेजर टेटली म्हणून आहे, अमेरिकेतलं सिव्हिल वॉर हरून वीस वर्षं झाली तरी दक्षिणेच्या सैन्याचा युनिफॉर्म घालून पुढे, आणि मुलाला जबरदस्तीने बरोबर आणलंय, तो मर्द व्हावा म्हणून.

त्या दोन घोडेस्वारांतला एक, आपला हिरो हेन्री फोंडा पण त्यांच्यात जातो, आणि का जातो तर तो बाहेरगावचा आहे, नाही गेलो तर आपल्यावरच संशय येईल म्हणून. हे मला फार खरं वाटतं. हिरो चांगला आहे म्हणून नाही तर घाबरला म्हणून गर्दीत आहे, असं वेस्टर्नमध्ये तोपर्यंत फारसं कोणी दाखवत नव्हतं.

रात्री डोंगरात त्यांना तीन जण झोपलेले सापडतात. मार्टिन म्हणून एक तरुण, बायको आणि पोरं घरी, एक मेक्सिकन, तो अँथनी क्विन, आणि एक म्हातारा ज्याला धड काही समजत नाही. गुरं त्यांच्याजवळ आहेत. मार्टिन म्हणतो विकत घेतली, पण पावती नाही, मालक नंतर देतो म्हणाला. मेक्सिकनकडे किंकेडचं पिस्तूल सापडतं. झालं! पहाटेपर्यंत थांबायचं आणि लटकवायचं. एक म्हातारा दुकानदार डेव्हिस सगळ्यांना विनवतो की यांना कोर्टात न्या, मग मतं घेतात, ज्यांना वाटतं थांबावं त्यांनी इकडे या. एवढ्या सगळ्यांतले फक्त सात इकडे येतात. एकेक माणूस बाजूला येऊन उभा राहतो आणि आपण मोजत असतो, आता अजून येतील, अजून येतील. आणि मग कोणीच येत नाही.

आणि हे सगळं बहुतेक स्टुडिओच्या सेटवर शूट केलंय. वेस्टर्न म्हटलं की आपल्याला काय आठवतं, मोठं आभाळ, लांबच लांब दरी, मोकळं वाटतं अगदी. इथे आभाळच नाही. झाडं, अंधार, शेकोटी आणि चेहरे, चेहरे इतके जवळ की खोलीत कोंडल्यासारखं होतं. लोक म्हणतात सेट खोटा दिसतो, मला तर वाटतं त्या अरुंद जागेमुळेच कळतं की कोणाला पळायला जागा नाहीये, ना त्या तिघांना ना बाकीच्यांना.

पहाट झाली, तिघांना घोड्यांवर बसवलं, आणि मी बाजूला बघितलं तर बाबांचं बोट खुर्चीच्या हातावरून वर आलं होतं. सवयीने. पण दोर तुटला नाही. ते बोट तसंच थोडा वेळ हवेत राहिलं आणि मग त्यांनी हात खाली घेतला. काही बोलले नाहीत.

परत येताना वाटेत शेरीफ भेटतो आणि सांगतो, किंकेड मेलेलाच नाही. गोळी घालणारे पकडले गेलेत. गुरं खरंच विकत घेतलेली होती.

फोंडाबद्दल एक गोष्ट मला नंतर कळली. १९१९ च्या सप्टेंबरमध्ये ओमाहा शहरात विल ब्राऊन नावाच्या काळ्या माणसाला जमावाने कोर्टाच्या इमारतीतून ओढून काढून मारलं, लटकवलं, जाळलं. समोर फोंडाच्या वडिलांचा छापखाना होता आणि चौदा वर्षांच्या हेन्रीने ते खिडकीतून पाहिलं होतं. हे कळल्यावर मी पिक्चर परत बघितला, तर सगळं त्याच्या चेहऱ्यावर दिसायला लागलं. त्यात स्पार्क्स म्हणून एक काळा धर्मोपदेशक आहे, तो फोंडाला हळूच सांगतो की मी लहान असताना माझ्या भावाला असंच मारताना पाहिलंय, आणि फोंडा ऐकत असतो. पुढे १९५७ ला '१२ अँग्री मेन' मध्ये एका पोराला विजेच्या खुर्चीवर बसवू नका म्हणून एकटा हात वर न करणारा ज्युरर, तोही हाच. 'ऑक्स-बो' चालला नाही बरं का. ऑस्करला बेस्ट पिक्चरचं नॉमिनेशन मिळालं, तेवढं एकच, आणि त्या वर्षी 'कॅसाब्लांका' जिंकला.

आता कोणी म्हणेल की ही झुंडशाही आहे, फाशीची शिक्षा वेगळी, तिथे कोर्ट असतं, पुरावे असतात. बरोबर. म्हणून मग 'हँग 'एम हाय' बघा, १९६८ चा. क्लिंट ईस्टवूडला नऊ जण असंच गुरंचोर समजून लटकवतात, यावेळी एक मार्शल येऊन दोर कापतो, आणि वाचलेला ईस्टवूड स्वतः मार्शल होऊन त्या नवांना शोधायला निघतो. इथपर्यंत बदल्याची सरळ गोष्ट. पण मध्ये एक जज फेंटन येतो आणि पिक्चर वेगळीकडेच जातो. ईस्टवूड दोन पोरांना पकडून आणतो, भाऊ भाऊ, चोरीत होते पण ईस्टवूडवर हल्ला झाला तेव्हा त्यांनी त्यात हात घातला नाही. तो जजला सांगतो यांना सोडा, निदान फाशी नको. जज म्हणतो मी फाशी दिली नाही तर लोक स्वतः द्यायला लागतील. आणि सहा जणांना एकाच फळीवर एकाच वेळी देतात. भरपूर वेळ दाखवलंय ते, गाव जत्रेला यावं तसं आलंय, बायका-पोरं, खायचे-प्यायचे विकणारे, देवाचं गाणं, आणि जज वरून खिडकीतून बघतोय. ज्याच्या मानेवर दोराचा वळ अजून आहे अशा माणसाने पकडून आणलेली पोरं आहेत ती.

हा जज अगदीच काल्पनिक नाही. अर्कान्सासमधल्या फोर्ट स्मिथला आयझॅक पार्कर म्हणून जज होता, १८७५ ते १८९६, त्याने १६० जणांना फाशी सुनावली आणि ७९ जणांना प्रत्यक्ष दिली गेली. १८८९ पर्यंत त्याच्या फाशीवर अपीलच नव्हतं. सप्टेंबर १८७५ मध्ये सहा जणांना एकत्र दिली होती, खरोखर.

अपील असलं तरी काय होतं तेही आपल्याकडे दिसलंय. नाशिक जिल्ह्यातल्या एका २००३ च्या खटल्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना सुप्रीम कोर्टानेच २००९ मध्ये फाशी सुनावली होती, आणि ५ मार्च २०१९ ला त्याच कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. सोळा वर्षं आत होते. भरपाई प्रत्येकी पाच लाख. मी ती बातमी वाचली तेव्हा मला फोर्ट स्मिथचं ते लांबच लांब फळकूट दिसलं. यांचा दोर तुटला, पण किती उशिरा, आणि मध्ये एखादी तारीख पक्की झाली असती तर?

'ट्रू ग्रिट'चा २०१० वाला पण फोर्ट स्मिथमध्येच सुरू होतो. फाशीच्या फळीवर तीन जण आहेत. पहिल्याला बोलायला देतात, तो रडतो, लेकरांना सांभाळा म्हणतो. दुसऱ्याला देतात, तो म्हणतो खाली उभ्या असलेल्यांत माझ्यापेक्षा वाईट माणसं आहेत. तिसरा मूळचा अमेरिकन, म्हणजे तिथला आदिवासी. तो तोंड उघडतो, मला काही सांगायचंय एवढं म्हणतो ना म्हणतो तोवर डोक्यावर काळी टोपी. काही सेकंदांचा सीन आहे, थेटरात लोक हसले होते, मला नाही हसू आलं. त्याला काय सांगायचं होतं हे मी अजून विचार करते.

परत ऑक्स-बोकडे येते, कारण बाबांचं सांगायचं राहिलं.

मार्टिनने मरायच्या आधी बायकोला पत्र लिहिलेलं असतं. डेव्हिसला वाटतं हे पत्र सगळ्यांना वाचून दाखवावं, म्हणजे त्यांना कळेल हा असा माणूस नाही. आणि मार्टिन चिडतो, ते माझं पत्र आहे, तिच्यासाठी आहे, तुम्हाला काय अधिकार! मरायला तास-दोन तास राहिलेत आणि तो आपलं खासगी ते खासगी म्हणून भांडतोय. हा पिक्चर ज्या कादंबरीवरून काढलाय तिच्यात ते पत्र वाचकाला कधीच वाचायला मिळत नाही. पिक्चरमध्ये शेवटी फोंडा बारमध्ये मोठ्याने वाचतो. सगळे बारला टेकून खाली मान घालून उभे आहेत, मेलेल्याच्या बायकोसाठी पाचशे डॉलर गोळा केलेत, आणि फोंडा वाचतोय, पण मित्राच्या टोपीची कड मध्ये अशी येते की फोंडाचे डोळे दिसतच नाहीत. फक्त ओठ दिसतात. इतका मोठा स्टार, त्याचा सगळ्यात मोठा सीन, आणि डोळे झाकलेत. मला वाटतं त्याच्याकडे बघून आपल्याला बरं वाटू नये म्हणूनच झाकलेत.

मग दोघं घोड्यावर बसतात, ते पत्र आणि पैसे तिला द्यायला, तेच कुत्रं परत रस्ता ओलांडतं, आणि संपतो.

माझे बाबा पोस्टात होते. पस्तीस वर्षं, त्यातली बरीचशी सायकलवर, खेड्यापाड्यातून. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना पत्र वाचूनही दाखवायचे, ताराही. मिलिटरीतल्या पोरांच्या ताराही त्यांनी नेल्यात, त्याबद्दल घरी फारसं कधी बोलले नाहीत.

पिक्चर संपल्यावर मी लाइट लावला. आई आतून म्हणाली झालं का, दूध तापवते. बाबा टीव्हीच्या निळ्या स्क्रीनकडे बघत बसले होते.

"किती लांब असेल गं तिचं घर?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं माहीत नाही बाबा, दाखवलं नाहीये, दोन-तीन दिवसांचा रस्ता असेल घोड्यावर.

"दोन-तीन दिवस," ते म्हणाले. "म्हणजे अजून तिला माहीतच नसेल."