ब्रॅड गन उघडली: गळकी टोपी आणि पाव मिलिमीटरचा घोळ

मखराच्या चौकटी कापून झाल्या, आता ठोकणं म्हणजे एका दुपारचं काम, असं मागच्या नोंदीत मी ठणकावून लिहिलं होतं. त्याला तीन आठवडे झाले. चौकटी गच्चीवरच्या खोलीत भिंतीला टेकून उभ्या आहेत आणि आई रोज एकदा विचारते, "काय गं, यंदा गणपती पाटावरच बसवायचा का?" घोडं अडलं ते हवेच्या दाबाने खिळे मारायच्या गनपाशी. म्हणून आजची नोंद लाकडाची नाही, गनची.

गन साधीच आहे. १८ गेजची, १० ते ३० मिलिमीटरचे एफ जातीचे ब्रॅड, म्हणजे बारीक खिळे, घेणारी. चार वर्षं वापरतेय, एकदाही उघडलेली नव्हती.

शनिवारी पाइप जोडला आणि गनच्या डोक्यावरून, खिळा मारल्यावर जिथून वापरलेली हवा बाहेर पडते तिथून, सूंऽऽ असा बारीक आवाज सुरू झाला. ट्रिगरला बोटसुद्धा लावलेलं नव्हतं. टाकी भरून गप्प झालेला कॉम्प्रेसर तीन-चार मिनिटांत पुन्हा धडधडायला लागायचा. खिळा मात्र जात होता, त्यामुळे चालतंय तोवर मारून घेऊ असा मोह झालाच. आठ मारले, त्यातल्या तिघांची डोकी दीड-दोन मिलिमीटर वर राहिली. तिथे थांबले.

शेजारचे काका इथल्या, इंदूरच्या हुकुमचंद मिलमध्ये फिटर होते, १९९१ मध्ये मिल बंद पडली तोवर. रामबागेतल्या आमच्या गल्लीत कुणाचा मिक्सर बिघडला तरी आधी त्यांच्याकडे जातो. गनचा आवाज ऐकून ते जिना चढून आले आणि मी एलन की हातात घेतलेली बघून म्हणाले, "अगं, आधी हवा कुठून जातेय ते बघ. पाना नंतर."

कपड्यांच्या पावडरचा फेस केला आणि जुन्या दाढीच्या ब्रशने लावला. ट्रिगरच्या दांडीभोवती बुडबुडे आले असते तर दोष ट्रिगर व्हॉल्व्हच्या बारक्या रिंगांचा. खाली नाकातून, म्हणजे खिळा सुटतो तिथून, हवा आली असती तर बम्पर (पिस्टनचा धक्का झेलणारं रबर) किंवा पिस्टनकडे संशय. माझ्याकडे फक्त वरच्या टोपीतून येत होती, म्हणजे हेड व्हॉल्व्ह. आणखी एक पातळ रेघ टोपी आणि बॉडीच्या सांध्यातून फुटत होती. ती फेस लावला नसता तर कळलीच नसती.

ज्यांनी गन आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. हवा पाइपातून दांड्यात येऊन थांबते. सिलिंडरच्या तोंडावर हेड व्हॉल्व्ह झाकणासारखा बसलेला असतो आणि त्याला खाली दाबून धरते ती वरच्या बाजूची हवाच. ट्रिगर ओढला की ही वरची हवा निसटते, झाकण उचललं जातं, दांड्यातली हवा एकदम पिस्टनवर कोसळते आणि पिस्टनला जोडलेली पोलादी पट्टी, ड्रायव्हर ब्लेड, पुढचा एकच खिळा पट्टीतून तोडून लाकडात घालते. पिस्टन खाली जाताना सिलिंडरच्या भोकांतून थोडी हवा बाहेरच्या कप्प्यात साठते. ट्रिगर सोडला की तीच त्याला पुन्हा वर ढकलते. पिस्टन परत आणायला स्प्रिंग वगैरे नाही, आहे ती एवढीच उसनी हवा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्यानेच माझी दोन दिवस जिरवली.

रविवारी सकाळी उघडली. त्याआधी पाइप काढला, मॅगझिन, म्हणजे खिळ्यांची पट्टी बसते तो कप्पा, रिकामं केलं, नाक लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवून ट्रिगर एकदा ओढून घेतला. काका चष्मा लावल्याशिवाय हात लावू देत नाहीत, आणि बरोबरच आहे. टोपीचे चार स्क्रू काढले. खालचा कागदी गॅस्केट, सांध्यातून हवा निसटू नये म्हणून असतो तो, एका कोपऱ्यात फाटलेला होता. फेसाची ती रेघ इथूनच येत होती. हेड व्हॉल्व्ह म्हणजे पांढऱ्या प्लॅस्टिकची वाटी, तिच्या खाचेत दोन ओ-रिंगा, हवा अडवणाऱ्या रबरी कड्या. धाकटी ठीक होती. मोठी बोटांत धरून फिरवली तर एका बाजूला गोलाई सपाट झालेली, आणि त्या सपाटीवर नखाने खरवडल्यासारखी चीर. खाचेत तांबूस चिखल. तो बघितला आणि खालच्या मजल्यावर जाऊन कॉम्प्रेसरच्या टाकीचा नळ उघडला. अर्धा पेला गंजकं पाणी निघालं. अख्खा पावसाळाभर मी ते एकदाही सोडलं नव्हतं. पाणी आतलं तेल धुऊन नेतं आणि गंजाची कणी रिंगेखाली जाऊन बसते. गनचं काही चुकलेलं नव्हतं.

गॅस्केट घरीच केला. मिलमध्ये म्हणे कागद सुट्या भागावर धरून कडेकडेने हातोडी ठोकत कापायचे. पण ॲल्युमिनियमची कड हातोडीने दबते म्हणून काकांनी इथे ते करू दिलं नाही. त्यांनी टोपीच्या कडेला बोटभर ग्रीस फासलं आणि गॅस्केटच्या कागदावर तिचा ठसा उठवला, रबरी शिक्का मारतात तसा. त्या ठशावरून मी ब्लेडने कापलं. स्क्रूंची भोकं पंचने आधी पाडायची, बाहेरची कड नंतर कापायची, नाहीतर कागद सरकतो.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग मला वाटलं, आता उघडलीच आहे तर पिस्टनची रिंगही बदलून टाकू.

जुनी रिंग व्हर्नियरने मोजली. जाडी २.४, आतला व्यास २२च्या आसपास. सियागंजात ओ-रिंगांच्या दुकानात गेले. हेड व्हॉल्व्हची रिंग हुबेहूब मिळाली. पिस्टनसाठी त्यांनी जी काढली ती आतून तंतोतंत, पण जाडीला २.६२. मी शंका काढली तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, पुरानी घिस गई है, नई तो मोटी आएगी ही." मला ते लगेच पटलं. चार वर्षं घासली, दोन दशांश झिजली असेल. दोन्ही रिंगा मिळून एका चहाचे पैसे. खुशीत घरी आले.

सगळं पुसलं, सिलिंडरला सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात फिरवला, टोपीचे स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळले. हवा सोडली आणि पूर्ण शांतता. काकांनी टाळी दिली. पहिला खिळा सुरेख गेला. दुसऱ्याला नुसताच ठप्प आवाज, लाकडावर ड्रायव्हरचा वळ आणि खिळा नाहीच. तिसरा गेला. चौथा, पाचवा फुसका.

मी मॅगझिनवर घसरले. खिळे पुढे सरकत नाहीत म्हणजे ढकलणारी स्प्रिंग मंदावली असणार, असं धरून मॅगझिन धुतलं, स्प्रिंग ताणून बघितली, खिळ्यांची पट्टी बदलली. सोमवारची संध्याकाळ त्यात गेली. हवेचा दाब (दर चौरस सेंटिमीटरवर) पाच किलोवरून सातपर्यंत नेला तेव्हा थोडं सुधारल्यासारखं झालं, आणि तिथेच मी आणखी फसले. दाब वाढवून जे सुधारतं ते बरं झालेलं नसतं, दबलेलं असतं. सात किलोच्या वर मात्र गेले नाही. गनवर जो आकडा छापलाय त्याच्या वर जायचंच नसतं.

मंगळवारी काकांनी एवढंच विचारलं, "आधी हे होत होतं का?"

नव्हतं होत. म्हणजे दोष मी आत घातलेला. पाइप काढून, खिळे काढून नाकातून आत डोकावले तर ड्रायव्हरचं टोक खिळ्यांच्या वाटेत अर्धवट लोंबकळत होतं. पिस्टन पूर्ण वर गेलाच नव्हता, मग पुढचा खिळा शिरणार कुठून? बोथट पितळी काडीने ड्रायव्हर वर ढकलून पाहिला. एका बोटाच्या जोराने सरकायला हवा, मला अंगठा लावून जोर करावा लागला. उसन्या हवेत एवढा दम कुठला असायला.

नशीब, जुनी रिंग लोणच्याच्या बरणीच्या झाकणात ठेवली होती. ती परत घातली आणि पिस्टन लोण्यातून सुरी जावी तसा सरकला.

मग छडा लागला. ओ-रिंगांच्या दोन वेगवेगळ्या मापपद्धती बाजारात शेजारी-शेजारी नांदतात. जपानी पी मालिकेत पी २२ ही रिंग आतून २१.८ आणि जाडीला २.४. अमेरिकन एएस ५६८ मधली ११८ नंबरची आतून २१.८९ आणि जाडीला २.६२. बोटावर चढवून बघाल तर फरक कळायचा नाही. पण जाडी दोन्ही बाजूंनी मोजली जाते, म्हणजे बाहेरच्या व्यासात जवळपास अर्धा मिलिमीटर वाढ. स्थिर सांध्यात हे खपलंही असतं. मागेपुढे धावणाऱ्या पिस्टनला नाही. माझी रिंग झिजलेली नव्हतीच, जन्मतःच २.४ होती. झीज असती तर एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी दिसली असती. मी सहा जागी मोजलं, सगळीकडे २.४.

दुसऱ्या दुकानात "पी बाईस, नाइट्राइल" असं माप आणि रबराचा प्रकार सांगून मागितली, एका मिनिटात मिळाली. तुम्हीही जुनी रिंग नुसती पुढे करू नका, नंबर सांगून मागा. आणि तिथेच कुणी गंज सोडवायचा स्प्रे गनमध्ये मारायला सांगेल, तो मारू नका. असलेलं ग्रीसही धुऊन जातं. एअर टूलचं तेल, दोन-तीन थेंब, काम सुरू करताना हवेच्या तोंडातून, एवढं पुरतं.

बुधवारी संध्याकाळी पाच किलोवर एका रद्दीच्या प्लायवर पन्नास खिळे सलग मारले, एकही फुसका नाही. कॉम्प्रेसर मधे फक्त दोनदा सुरू झाला. टाकीचं पाणी आता रोज काम संपलं की सोडते, त्यासाठी नळाखाली आइस्क्रीमचा डबा कायमचा ठेवलाय.

ड्रायव्हरच्या टोकाचा एक कोपरा गोल झालाय, तेही या निमित्ताने दिसलं. घासून चौकोनी करायचं की नवाच आणायचा, ते गणपतीनंतर. त्यापायी मखराच्या डाव्या खांबावर दोन खिळ्यांची डोकी किंचित वर राहिली आहेत. आईने ती बघितली आणि झेंडूची माळ तिथूनच सोडायची असं ठरवून टाकलं.